पेटंट एजंट म्हणजे आरटीओबाहेरचा एजंट नव्हे

गेल्या लग्नसराईत बुफेच्या रांगेत एका काकांनी मला गाठलं. "तुम्ही त्या पेटंटच्या लाइनमध्ये ना? आमची मुलगी एमएस्सी झाली, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आता म्हणते पेटंट एजंट होणार. एजंटच व्हायचं होतं तर एवढं शिकवलं कशाला?"

काकांची यात चूक नाही. आपल्याकडे एजंट म्हटलं की आरटीओच्या फाटकाबाहेर काखेत फायली घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. नाहीतर दिवाळीला मिठाईसोबत पॉलिसीचा फॉर्म घेऊन येणारे शेजारी. हा शब्दच बदनाम आहे, आणि कायद्याने नेमका तोच उचलला.

काकांना मी रांगेत जे सांगितलं ते जिलबी येईपर्यंतच पुरलं. सविस्तर उत्तर इथे देतो, कारण हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येणार आहे. भारतात २०२२-२३ या वर्षात पेटंटसाठी ८२,८११ अर्ज आले. पुढच्या वर्षी हा आकडा ९२ हजारांच्या वर गेला आणि त्याच वर्षी एक लाखाहून अधिक पेटंटं मंजूर झाली. एकेकाळी आपल्या पेटंट कार्यालयात बहुतेक अर्ज परदेशी कंपन्यांचे असायचे. आता निम्म्याहून जास्त अर्ज इथल्याच लोकांचे आणि संस्थांचे असतात. म्हणजे कुणीतरी हे अर्ज लिहितंय. चांगले लिहितंय का, हा खरा प्रश्न आहे.

## पेटंट म्हणजे नक्की काय मिळतं?

पेटंट हा सरकारशी केलेला सौदा आहे. तुम्ही नवं काही शोधलंत, ते कसं केलं हे सगळ्या जगाला वाचता येईल असं लिहून द्यायचं. त्या बदल्यात सरकार २० वर्षं तुम्हाला एक हक्क देतं: दुसऱ्यांना ते करण्यापासून अडवण्याचा. लक्षात घ्या, हक्क अडवण्याचा आहे. स्वतः बनवून विकण्याचा परवाना तो नव्हे, त्यासाठीच्या बाकीच्या परवानग्या वेगळ्याच घ्याव्या लागतात.

सौदा पक्का व्हायला तीन गोष्टी लागतात. शोध नवा हवा. त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज सुचणारा नसावा. आणि उद्योगात वापरता यावा. शिवाय आपल्या कायद्याच्या कलम ३ मध्ये 'हे आणाल तर चालणार नाही' अशी एक यादी आहे: शेतीची पद्धत, उपचाराची पद्धत, नुसता संगणक प्रोग्रॅम, पारंपरिक ज्ञान, आणि जुन्याच औषधाचं असं नवं रूप ज्याने गुण वाढत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर, म्हणजे कलम ३(ड) वर, नोव्हार्टिस कंपनी आपल्या कॅन्सरवरच्या औषधासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ एप्रिल २०१३ ला हरली.

आधीपासून जगाला माहीत असलेल्या सगळ्याला या धंद्यात 'प्रायर आर्ट' म्हणतात. आपण पूर्वज्ञान म्हणू. पूर्वज्ञान किती जुनं, कुठल्या भाषेतलं, याला काही अर्थ नसतो. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. तेव्हा रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं. ३२ संदर्भ पुढे ठेवले, त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते, एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ चा लेख होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं ते कामी आलं, पण आजी म्हणते म्हणून नव्हे. कुणीतरी ते छापील कागदावर शोधून दाखवलं म्हणून. हा 'कुणीतरी' घडवायचा कसा, हाच या लेखाचा विषय.

## सगळा खेळ चतुःसीमेचा

पेटंटच्या अर्जात दोन भाग महत्त्वाचे. एक वर्णन: शोध काय, कसा चालतो, आकृत्या, उदाहरणं. दुसरा क्लेम, म्हणजे दावा. हक्क मिळतो तो फक्त क्लेममध्ये जे लिहिलंय त्यावर.

ज्यांनी जमिनीचं खरेदीखत वाचलंय त्यांना हे लगेच कळेल. खतात जमिनीचं कितीही कौतुक असो, विहीर आहे, आंब्याची झाडं आहेत, कोर्टात बघतात ती चतुःसीमा. पूर्वेस अमुक, पश्चिमेस नाला. क्लेम म्हणजे शोधाची चतुःसीमा. फरक एवढाच की इथे मोजणी करायला भूमापक येत नाही, सगळी सीमा शब्दांनीच आखावी लागते.

पुण्यात शनिवारी मी एमएस्सी आणि पीएचडीच्या मुलांचा एक छोटा वर्ग घेतो. पहिल्या दिवशी टेबलावर विळी ठेवतो. मिटणाऱ्या विळ्या तुळशीबागेत केव्हाच्या मिळतात, त्यात नवं काही नाही. मी म्हणतो, समजा कुणी अशी विळी केली की पाटावरून माणूस उठला की पातं आपोआप मिटतं, लहान मुलाचा हात कापायची भीती नाही. लिहा क्लेम.

पहिला प्रयत्न साधारण असा येतो: 'सागवानी पाट, त्याला दोन पितळी बिजागऱ्यांनी जोडलेलं स्टेनलेस स्टीलचं पातं, पात्याच्या टोकाला नारळ खवण्याचे दाते, आणि पाटाखालची लोखंडी स्प्रिंग जी माणूस उठताच पातं मिटवते.' लिहिणारा खूश असतो. सगळं आलं!

सगळं आलं, तोच घोटाळा. क्लेममधलं एकूण एक अंग जिच्यात आहे, तीच वस्तू क्लेमच्या कुंपणात सापडते. उद्या कुणी प्लास्टिकचा पाट लावला, सुटला. एकच बिजागरी लावली, सुटला. खवणीचे दाते काढून टाकले, सुटला. शाळेच्या निबंधात जास्त लिहिलं की जास्त मार्क पडायचे. इथे प्रत्येक वाढीव शब्द कुंपण आत ओढतो. शास्त्राच्या विद्यार्थ्याला ही सवय मोडायला महिने लागतात. प्रयोगात तापमान ६२.५ अंश होतं तर तो ६२.५ च लिहिणार. प्रामाणिकपणाच आहे तो. पण मग ६४ अंशांवर तेच करणारा कारखाना मजेत चालतो.

मग मुलं दुसऱ्या टोकाला जातात: 'धोका टाळणारी विळी'. हे कुंपण एवढं मोठं की त्यात तुळशीबागेतल्या जुन्या मिटत्या विळ्याही येतात, आणि पूर्वज्ञान आत आलं की क्लेम पडला. शिवाय वर्णनात एकच स्प्रिंग दाखवून 'कुठलीही यंत्रणा' मागितली, तर अर्ज तपासणारा पेटंट कार्यालयातला परीक्षक विचारतोच, बाकीच्या कुठे आहेत? म्हणून वर्णनात स्प्रिंग, प्रतिवजन, तरफ असे तीन-चार प्रकार द्यावे लागतात.

आणि एकाच क्लेमवर कुणी विसंबत नाही. पहिला क्लेम रुंद, त्याच्या पोटात हळूहळू अरुंद होत जाणारे. गडावर बाहेरचा तट पडला तर माची, माची पडली तर बालेकिल्ला. सागवान, पितळ, खवणी हे सगळं इथे येतं, बालेकिल्ल्यात.

## मग एजंट कोण?

पेटंट कायदा, १९७० चं कलम १२६ सांगतं: भारताचा नागरिक, वय २१ पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी, आणि पेटंट कार्यालयाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण. एमएस्सी लागत नाही, पीएचडी लागत नाही, एलएलबीही लागत नाही. ज्यांनी कार्यालयात परीक्षक किंवा नियंत्रक (अर्जावर निर्णय देणारा अधिकारी) म्हणून १० वर्षं काम केलंय, त्यांना नोकरी सोडल्यावर परीक्षेविना नोंदणी मिळू शकते. नोंदणी झालेला एजंट तुमच्या वतीने अर्ज लिहू शकतो, नियंत्रकासमोर बाजू मांडू शकतो. नोंदणी नसताना स्वतःला पेटंट एजंट म्हणवून धंदा करणाऱ्याला दंड आहे. आरटीओबाहेरच्या दादांना यातलं काही लागत नाही.

इथे अजून एक गोंधळ मिटवू. पुण्यात, हैदराबादेत, गुरुग्रामला कित्येक कंपन्या 'पेटंट अ‍ॅनालिस्ट' नेमतात. ते परदेशी ग्राहकांसाठी शोधाशोध करतात, अहवाल करतात, मसुद्यांनाही हात लावतात. त्यासाठी नोंदणी लागत नाही. बऱ्याच एजंटांची सुरुवात तिथूनच झालेली असते. पण अ‍ॅनालिस्ट आणि एजंट एक नव्हेत.

## परीक्षा दिली की झालं?

परीक्षेत दोन लेखी पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे. पहिला मुख्यतः कायदा आणि नियमांवर, दुसरा मसुदा लिहिणं आणि त्याचा अर्थ लावणं यावर. मग ५० गुणांची तोंडी परीक्षा. प्रत्येक लेखी पेपरात किमान ५० आणि एकूण ६० टक्के हवेत, म्हणजे २५० पैकी १५०. ही परीक्षा बारावीच्या बोर्डासारखी दरवर्षी ठरल्या महिन्यात येईलच असं नाही. जाहिरात निघेपर्यंत अभ्यास गरम ठेवावा लागतो.

पण परीक्षा पास होणं आणि क्लेम लिहिता येणं यांत ड्रायव्हिंगची लेखी चाचणी आणि खंडाळ्याचा घाट एवढं अंतर आहे. युरोपात हे ओळखून नियमच केलाय: तिथली परीक्षा पुरी करायची तर नोंदणीकृत व्यावसायिकाच्या हाताखाली साधारण ३ वर्षं उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे अशी सक्ती नाही. परवा पास झालेला मुलगा आज कुणाचाही अर्ज लिहू शकतो, आणि कायद्याने त्यात गैर काही नाही. मला हे पटत नाही. सक्ती नसली तर नसो, पण उमेदवारीची सोय तरी हवी, आणि तिची जागा विद्यापीठात आहे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये. कारण शोधही तिथेच लागतायत आणि तो समजू शकणारी डोकीही तिथेच आहेत.

हे होऊ शकतं याचा पुरावा आपल्याकडेच आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाने संसार, मुलं, बदल्या यांमुळे विज्ञान सुटलेल्या महिलांसाठी एक योजना काढली. सुमारे वर्षभराचं प्रशिक्षण, शिष्यवृत्तीसह: सुरुवातीला थोडे दिवस वर्ग आणि बाकी सगळा काळ प्रत्यक्ष पेटंटच्या कामात, कुणाच्यातरी हाताखाली. टायफॅक ही संस्था ते बघते. त्यातून शेकडो महिला तयार झाल्या, कितीतरी जणी पुढे नोंदणीकृत एजंट झाल्या. त्यांचे मसुदे मी वाचलेत. घर आणि प्रयोगशाळा दोन्ही सांभाळलेल्या बाईला मुदती चुकवू नकोस हे सांगावं लागत नाही.

## शिकवायचं काय?

सगळ्यात आधी पेटंट उलटं वाचायला. नवखा माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो आणि तिसऱ्या पानावर झोपतो. क्लेमपासून सुरुवात करायची, अडलेल्या शब्दासाठीच वर्णनात जायचं. फुकटात वाचायला हवी तेवढी पेटंटं आहेत: भारतीय कार्यालयाची इनपास ही शोधप्रणाली, युरोपची एस्पासनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची पेटंटस्कोप.

त्याहून मोठी खाण म्हणजे भारतीय कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या फायली. प्रसिद्ध झालेल्या अर्जाची सगळी कहाणी तिथे दिसते: मूळ क्लेम, परीक्षकाचा पहिला अहवाल, एजंटाचं उत्तर, बदललेले क्लेम, सुनावणीनंतरचा आदेश. माझ्या वर्गात मी परीक्षकाचा अहवाल देतो आणि एजंटाचं उत्तर झाकून ठेवतो. मुलांनी आधी स्वतः उत्तर लिहायचं, मग झाकलेलं उघडायचं. कुस्तीच्या तालमीत जोर-बैठका असतात तसं हे. एका सत्रात वीस मुलांपैकी अठरा जणांनी परीक्षकाशी भांडण काढलं होतं. परीक्षक चुकला, असं त्यांनी चार-चार पानं सिद्ध केलं. झाकलेलं उत्तर पाऊण पानाचं होतं: एजंटाने उदाहरण ३ मधली एक मर्यादा पहिल्या क्लेममध्ये आणली, दोन परिच्छेदांत फरक दाखवला आणि विषय मिटवला.

आणि मुलाखत. हे कुठल्याच पुस्तकात नीट येत नाही. शोध लावणारे प्राध्यापक एजंटापुढे बसतात तेव्हा त्यांना जे अभिमानाचं वाटतं तेच सांगतात. पेटंट लपलेलं असतं त्यांना किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीत. मी मुलांना एकच प्रश्न पाठ करायला लावतो: 'सर, आधी काय फसलं?'

एकदा एका प्रयोगशाळेत पाणी गाळण्याच्या पडद्याबद्दल आम्ही दोन तास ऐकलं. मोठा चकचकीत रेणू, त्याचं नाव उच्चारताना जीभ वळायची. तो रेणू पूर्वज्ञानात होता, आमच्याकडे त्याचा कागद होता. निघता निघता सोबतच्या विद्यार्थिनीने विचारलं, आधी काय फसलं? सर हसले. "काही नाही हो, पडदा वाळताना तडकायचा. मग आमच्या लॅब असिस्टंटने एकदा ओलाच ठेवून दिला रात्रभर, तेव्हापासून तडकत नाही." त्या रात्रभर ओल्या ठेवण्याभोवती आम्ही पहिला क्लेम बांधला. असिस्टंटचं नाव शोधकांत घालायचं की नाही यावर पुढे वेगळी चर्चा झाली, आणि ती चर्चा कशी करायची हेही शिकवावंच लागतं.

मग मुदती. हे रुक्ष आहे, पण इथेच माणसं बुडतात. तात्पुरता अर्ज केला की पूर्ण अर्जाला १२ महिने. तपासणीची विनंती, २०२४ च्या नियमांनुसार, ३१ महिन्यांत. परीक्षकाच्या अहवालाला उत्तर ६ महिन्यांत, मागून घेतली तर आणखी ३ महिने. तारीख चुकली तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात, शोध कितीही थोर असो. अशाच एका हुकलेल्या मुदतीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एजंटांसाठी आचारसंहितेचा विषय ऐरणीवर आणला.

## थिसिस आधी की अर्ज आधी?

अर्ज आधी. दहा वेळा विचारलंत तरी अर्ज आधी.

पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढला की तो सगळ्या जगाला वाचायला खुला, म्हणजे तुमचाच शोध तुमच्याविरुद्ध पूर्वज्ञान झाला. परिषदेतलं पोस्टर, मार्गदर्शकांनी कौतुकाने टाकलेली लिंक्डइनची पोस्ट, सगळं त्यात मोडतं. कायद्यात थोडी सूट आहे, शास्त्रीय संस्थेपुढे वाचलेल्या निबंधासारख्या बाबतीत १२ महिन्यांची, पण ती भारतापुरती आणि तीही अरुंद. युरोपात तिचा आधार मिळत नाही. आणि भारतात राहणाऱ्याने परवानगी न घेता थेट परदेशात पहिला अर्ज करायचा नाही. एकतर परवानगी घ्यायची, नाहीतर इथे अर्ज करून ६ आठवडे थांबायचं.

म्हणूनच म्हणतो, एका विभागात दोन पीएचडीचे विद्यार्थी जरी या कामात तयार असले, तरी त्यांचं पहिलं काम क्लेम लिहिणं नसेल. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला 'थांब, अपलोड करू नकोस' म्हणणं हे असेल.

भाषेचीही एक गंमत इथेच सांगतो. प्रबंधात 'अपेक्षेप्रमाणे उत्पन्न वाढले' हे वाक्य शोभतं. तेच वाक्य उचलून पेटंटच्या वर्णनात टाकलं तर परीक्षक म्हणतो, अपेक्षितच होतं ना, मग शोध कसला?

## "वकील असताना एजंट कशाला?"

पेटंटचा खटला न्यायालयात गेला की वकीलच लागतो, एजंटाला तिथे उभं राहता येत नाही. पण अर्ज लिहिताना समोर एन्झाइम असतो, गिअरबॉक्स असतो, बॅटरीचं रसायन असतं. ते कळल्याशिवाय त्याची सीमा आखता येत नाही. बाळंतपणाला सुईण आणि वारसाहक्काला वकील, असं मी सांगतो. मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात.

## "माझं इंग्रजी कच्चं आहे"

हा प्रश्न वर्गानंतर, बाकीचे गेल्यावर, हळू आवाजात येतो. बार्शीहून, गडहिंग्लजहून आलेली मुलं विचारतात. पेटंटचा अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच करता येतो, मराठीत नाही. ते मलाही खटकतं. पण क्लेमची इंग्रजी म्हणजे कॉन्व्हेंटची इंग्रजी नव्हे. ती एक ठरीव बोली आहे. पूर्ण क्लेम एकाच वाक्यात, प्रत्येक अंगाचं नाव पहिल्यांदा घेतलं तेच शेवटपर्यंत, समानार्थी शब्द वर्ज्य. फर्डी इंग्रजी बोलणारी मुलं इथे जास्त अडखळतात, त्यांना पुनरुक्तीची लाज वाटते. पाट म्हटलंत तर पाटच, पुढे त्याला फळी म्हणू नका.

दोन शब्द मात्र घोकावे लागतात. 'कॉम्प्रायझिंग' म्हणजे एवढं आहेच, वर आणखी काही असलं तरी आमच्याच हद्दीत. 'कन्सिस्टिंग ऑफ' म्हणजे एवढंच, त्याबाहेर काही नाही. एका मसुद्यात पहिल्याच्या जागी दुसरा पडला होता. स्पर्धकाने मिश्रणात खाण्याचा रंग टाकला आणि कुंपणाबाहेर गेला.

## "आता एआय लिहील की"

लिहितोय. मसुदा ठीकठाक दिसतोही. विळीचा क्लेम मी एका एआयकडूनही लिहून घेतला, तो माझ्या दुसऱ्या आठवड्याच्या विद्यार्थ्याएवढा होता. पण तो सरांना 'आधी काय फसलं' विचारायला लॅबमध्ये जात नाही. पूर्वज्ञान म्हणून अस्तित्वातच नसलेले दाखले तो तितक्याच आत्मविश्वासाने देतो. आणि अजून अर्जही न झालेला शोध कुठल्यातरी बाहेरच्या सर्व्हरवर टाकणं हे गुपिताच्या दृष्टीने किती शहाणपणाचं, ते तुम्हीच ठरवा. शेवटी सही एजंटाची असते. नवशिक्यांना दिलं जायचं ते साचेबद्ध काम मात्र कमी होईल, हे खरं आहे. म्हणूनच नुसती परीक्षा पास झालेल्याची पंचाईत होणार आणि हाताखाली शिकलेल्याची कमी.

## "पोटापाण्याचं काय?"

काकांचा खरा प्रश्न हाच होता. पेटंट फर्म, औषध कंपन्यांचे बौद्धिक संपदा विभाग, संशोधन संस्था, विद्यापीठांचे आयपीआर (बौद्धिक संपदा हक्क) कक्ष, स्वतःची प्रॅक्टिस, असे रस्ते आहेत. स्टार्टअपसाठी केंद्राची एक योजना २०१६ पासून आहे, तिच्यात ठरावीक एजंटांचं शुल्क सरकार देतं. सरकारी नोकरीच हवी तर पेटंट परीक्षकाची जागा आहे. २०२३ मध्ये ५५३ जागांची भरती निघाली होती. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण होतं ते आपल्या नागपुरात, राजीव गांधी बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला. पुण्यात पेटंटच्या माहितीवर काम करणारं सीएसआयआरचं एक केंद्र आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलाला यासाठी फार लांब जावं लागत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पगार बेताचा आणि लाल शाईने भरून परत येणारे मसुदे खूप, याची तयारी ठेवावी.

कॉलेजांबद्दल मात्र जरा कडू बोलतो. संस्थांच्या क्रमवारीत पेटंटं मोजतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना अर्जाचं शुल्क ८० टक्के कमी झालं, ऑनलाइन मूळ शुल्क आता १,६०० रुपये. हेतू चांगला होता. त्यातून झालं असं की काही ठिकाणी अर्ज हाच प्रकल्प झाला. एका महाविद्यालयाने मला 'मार्चअखेर चाळीस' करून द्याल का, असं विचारलं, विटांचा भाव विचारावा तसं. अर्ज प्रसिद्ध होतो, आकडा लागतो, पुढे परीक्षकाच्या अहवालाला उत्तरच जात नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला 'पेटंट ड्राफ्टिंग'चं प्रमाणपत्र मिळतं आणि त्याने आयुष्यात एकही क्लेम दोनदा लिहिलेला नसतो. चाळीसऐवजी चार करा, पण त्या चारांचे मसुदे मुलांकडून सात-सात वेळा लिहून घ्या.

सातवरून आठवलं. विळीचा क्लेम या वर्षीच्या वर्गाने सहाव्या खेपेला असा आणला: 'आधार, आधाराला हलत्या जोडाने जोडलेलं पातं, आणि आधारावर बसलेल्या व्यक्तीचं वजन हटताच पात्याला मिटलेल्या स्थितीत नेणारी यंत्रणा.' सागवान गेलं, पितळ गेलं, खवणी गेली. मलाही बरा वाटला. काकांची मुलगी तेव्हा वर्गात नुकतीच आली होती, मागच्या बाकावर. तिने हात वर केला.

"सर, आईचे गुडघे दुखतात. ती विळी ओट्याला क्लॅम्पने बसवून उभ्यानेच चिरते. त्यावर बसतंच कोण?"

वर्गाने वह्या पुन्हा उघडल्या.